बटण नसलेला शर्ट

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय अनघा,

‘तुरुंगात जाऊन तू नेमकं करतोस काय?’ असं तू परवा फोनवर विचारलंस, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज लिहूनच सांगतो.

सध्या मोफत कायदेशीर मदतीतून आलेलं एक प्रकरण आहे. किरकोळ चोरीतला कच्चा कैदी. मुलाकतीला बसला, तर स्वतःच्या नावापलीकडे काही सांगेना. बोटं मात्र सारखी शर्टाचं बटण चाचपत होती, आणि तिथं बटणच नव्हतं. शिपाई म्हणाला, “वकीलसाहेब, नाटक आहे हे.” पाच तारखा गेल्या, दर वेळी त्याला कोर्टात आणायला गार्ड मिळाला नाही. आरडाओरडा करणाऱ्याला निदान डॉक्टर बघतो गं. हा बापडा गप्प असतो, म्हणून बरॅकीत कुणाची तक्रार नाही.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 103 वाच एकदा. तुरुंगाच्या डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, की इथं एकही मनोरुग्ण कैदी नाही. हेतू चांगलाच आहे: आजारी माणसाला तिथून हलवून उपचार द्यावेत. पण कागदच ‘नाही’ वदवून घेणारा असला, तर ‘आहे’ लिहिण्याची उठाठेव कोण करील?

आसामचा मचल लालुंग 1951 साली पकडला गेला, पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेला आणि 2005 साली सुटला. 54 वर्षं, खटला न चालता! जातमुचलका किती, तर एक रुपया.

महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याला 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप दिली, कारण शिक्षेनंतर त्याला गंभीर मानसिक आजार जडला होता. निकालात त्याचं नाव नाही, नुसतं ‘आरोपी एक्स’. गुन्हा दोन लहान मुलींच्या बाबतीतला. जेवताना बायकोला सांगितलं, तर म्हणाली, “असल्या माणसाची कसली कीव?” मला चटकन उत्तर सुचलं नाही. निकाल बरोबर वाटतो, तरी घास अडकलाच.

आता कामाचं. बुधवारी तारीख आहे. वैद्यकीय तपासणीसाठी अर्ज देतोय. ‘विचित्र वागतो’ एवढ्यावर भागणार नाही, लक्षणं कशी मांडू ते सांग. त्याच्या आईनं जुन्या औषधांची चिठ्ठी पिशवीत घडी करून जपली होती, तिचा फोटो पाठवतोय. दुसऱ्या ओळीतल्या गोळीचं नाव काही केल्या लागत नाही. तुम्हा डॉक्टरांच्या जमातीचं अक्षर तूच लाव.

तुझा,
नंदू