सायकलवाल्यांनी एकत्र येऊन रस्ता मागावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पाळी सुटली की यंत्रमाग कामगारांच्या सायकली येतात. हल्ली पंक्चरपेक्षा चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्याचेच काम जास्त. पाइपलाइनसाठी खोदलेले चर नुसता मुरूम लोटून बुजवतात. पहिल्याच पावसात मुरूम खाली बसतो, डांबराची कड उघडी पडते. पुढचे चाक त्या कडेवर आदळले की स्पोक तुटतात, आणि कॅरिअरवर टॉवेलचा गठ्ठा असला तर माणूसही पडतो.

चांगले रस्ते मोटारवाल्यांमुळे आले, असे आपण धरून चालतो. पण इंग्लंडमधल्या सायकल संघटनांनी रस्तेसुधारणेसाठी वेगळी संस्था काढली ती १८८६ मध्ये, तिथल्या रस्त्यांवर मोटारी येण्याच्या आधी. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या संघटनेने १८९२ पासून निव्वळ रस्त्यांच्या प्रश्नावर मासिक चालवले. शहरी हौशी मंडळींसाठी आम्ही कर का भरायचा, म्हणून शेतकरी विरोधात होते. चिखलात गाडी रुतते तेव्हा नुकसान तुमच्याच मालाचे होते, हे लीगने त्यांना पटवत नेले. १८९३ मध्ये सरकारने कृषी खात्यात रस्त्यांचे कार्यालय उघडले. त्या कार्यालयाने पुढे ठिकठिकाणी नमुन्याचे छोटे रस्ते बांधून दाखवले. मला हे फार मोलाचे वाटते, कारण लोकांना गाडी हाकून स्वतः पारख करता आली.

याच लीगने १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्वाचे दार बंद केले. हे वाचून फार वाईट वाटले. रस्ता सर्वांचा म्हणायचे आणि माणसे वगळायची, हे आपल्याकडे होऊ नये.

सोलापुरात रविवारी पहाटे सायकल ग्रुप निघतात. त्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक असतात. त्यांच्या अर्जाची दखल घेतली जाते. त्यांनी कामगारांना आणि दूधवाल्यांना बरोबर घेऊन एकच मागणी लावून धरावी: अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक किलोमीटर नमुना म्हणून करून दाखवा. चर थराथराने दाबून भरा, वर डांबर टाका, साइडपट्टी आणि गटाराची झाकणे रस्त्याच्या पातळीला आणा. काम पावसाळ्याआधी व्हावे.

अर्ज लिहून झाला तर सह्यांसाठी माझ्या दुकानात ठेवावा. रात्री नऊपर्यंत दुकान उघडे असते.

आपला,
एक सायकल कारागीर, सोलापूर