बाबांच्या डेंग्यूचा धागा

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, तू तिकडे जर्मनीत दिवसभर नेमकं करून काय राहिली, मी आरएनए म्हणाले तर आईला वाटलं नेट गेलं. म्हणून लिहूनच काढते.

मागच्या पावसाळ्यात बाबांना झाला तोच डेंग्यू आहे माझ्या टेबलावर. आई घाबरू नको, अख्खा नाही, त्याच्या कवचाचे जीन काढून टाकलेत त्यामुळे तो एका पेशीतून दुसरीत जाऊच शकत नाही.

तर त्या कवचाच्या आत असतो फक्त एक आरएनएचा धागा, म्हणजे विषाणूची सगळी माहिती ज्यावर लिहिलेली असते तो, साधारण 10,700 अक्षरांचा. पुढच्या टोकाला टोपी अगदी आपल्या पेशीच्या निरोपांना असते तशी, मग पेशी येडी तो घरचाच निरोप समजून वाचत बसते आणि त्याची प्रोटीन बनवून देते, त्यातच एक कॉपी काढणारं मशीन, एनएस5. आता खरी गंमत. कॉपीला सुरुवात करायची धाग्याच्या शेवटापासून, आणि हे मशीन येऊन बसते सुरुवातीला, कारण तिथे धागा स्वतःवरच दुमडून एक आकार झालाय तो त्याला ओळखू येतो. म्हणजे माणूस बर्डीवर आणि काम कामठीला. मग धागाच वळतो ना! दोन्ही टोकांजवळ एकमेकांना जुळणारी अक्षरं आहेत ती चिकटतात, आई गजऱ्याची टोकं बांधते तसं, आणि शेवटचं टोक मशीनच्या तोंडाशी. कामठीच बर्डीवर आली.

अर्जेंटिनातल्या लोकांनी 2005 मध्येच हा धागा गोल होतो हे मायक्रोस्कोपखाली बघितलं, मी काही नवीन शोधलं नाही. पण स्वतः करून बघायची मजा वेगळी. एका टोकाची दोन-तीन अक्षरं बदलली, त्या जागेवरून प्रोटीन बनतच नाही, म्हणजे मजकुराला धक्का नाही, तरी कॉपी ठप्प. मग दुसऱ्या टोकाचीही बदलली, अशी की दोन्हीकडची परत एकमेकांना जुळतील. आता मूळची अक्षरं कुठेच नाहीत, फक्त जोडी जमते, आणि दोन दिवसांनी बघते तर कॉपीचे आकडे परत वर! मी लॅबमध्ये एकटीच ओरडले, बाजूचा पोरगा दचकला.

शेवटाकडे अजून एक गाठ आहे बरं का. पेशीतलं एक एन्झाइम नको असलेला आरएनए पुढून खात येते, ते या गाठीपाशी अडकते, आणि उरलेला तुकडा वाया जात नाही, तो पेशीची धोक्याची घंटाच वाजू देत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाबांच्या प्लेटलेटचे रोजचे रिपोर्टच आठवले, आणि राग पण आला थोडा, एवढासा धागा तो.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघेल तेव्हा 'रोगराई घेऊन जा गे मारबत' माझ्या वाटचं पण ओरडा. आणि बाबा, खिडकीतला कूलर अजून तसाच आहे ना? नुसतं पाणी काढून होत नाही, या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी सुद्धा महिनोनमहिने टिकतात. ब्रशने घासा आणि मला फोटो पाठवा, तुमच्या 'केलं म्हटलं ना' वर माझा भरोसा नाही.

तुमची,
चिमी