जिताड्याची उष्टावण आणि मुगाएवढा दाणा

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावची कोळीण. खाडीत जाळ्याला मासा लागेनासा झाला, म्हणून गेल्या वर्षी अंगणात चार टाक्या बांधून जिताडा या खाडीतल्या माशाची दहा हजार पिल्ले आणली. ती येण्याआधी बारीक कोरडे खाद्य आणि शिकवणारा माणूस दारात हजर असेल, असे एका मेळाव्यात साहेबांनी व्यासपीठावरून सांगितले होते. त्यांच्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण अजून त्याच टेबलासमोर उभे राहायचे आहे.

जिताड्याचे पिल्लू आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया हे बारीक जिवंत जीव खाते; दोन्ही पाण्यात वळवळतात, आणि हलेल तेच अन्न, एवढेच त्या जिवाला ठाऊक असते. त्याचे जठर तयार होईपर्यंत कोरडे खाद्य पचतही नाही. म्हणून साधारण तिसऱ्या आठवड्यात त्याची उष्टावण करायची: आधी चिमूटभर भुकटी, तिच्यामागून थोडा आर्टेमिया, आणि असे करत आठ-दहा दिवसांत आर्टेमिया बंद. घाई केली तर भुकटी तळाशी कुजून पाणी बिघडते, आणि उपाशी ठेवले तर मोठे पिल्लू लहानाला गिळते.

माझी पिल्ले आली तेव्हा १८ दिवसांची होती. खाद्य आले ते ३७व्या दिवशी, आणि दाणा मुगाएवढा! तेवढ्या दिवसांत मी आर्टेमियाचे महागडे डबे उसनवारीवर आणले, बांगडी गहाण टाकली. रात्री वीज गेली की सून आणि मी आळीपाळीने तांब्याने पाणी वरून ओतत बसायचो, टाकीत हवा मिसळावी म्हणून. एका पहाटे बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर होती आणि दोन्ही मेलेली होती. आज ११४० उरली आहेत. तक्रार केली, तर "खाद्य पोहोच" अशी पावतीवरची माझीच सही मला दाखवण्यात आली.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त पाळलेल्या जिताड्यापासून बीज, म्हणजे पिल्ले, काढून दाखवले. त्या साली जन्मलेली आमची पोरे आता बाप झाली. २०२० मध्ये तर २०,०५० कोटींची मत्स्य संपदा योजना आली, आणि तिच्यात महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले. मात्र माझ्या वाट्याला आधी खर्च, मग फोटो, मग तपासणी आणि शेवटी तारीख असा क्रम आला. मासा कागद खात असता, तर महाराज, दिवाळ्यात जिताडा मावला नसता.

मला आता भाषण नको आहे. पुढच्या खेपेला पिल्लांच्या आधी भुकटी यावी, आणि आकारानुसार पिल्ले कशी वेगळी करायची हे टाकीत हात घालून दाखवणारा माणूस यावा. मुगाच्या दाण्याची नऊ पोती ओसरीवर पडून आहेत, त्यांना घुशी लागल्या आहेत. ती न्यायला गाडी कधी येईल, तेवढे कळवावे.

आपली,
दिवाळे गावातील एक मत्स्यपालक