ड्रिंक पॅकेज माणसाचे, सक्ती मात्र केबिनला

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

क्रूझच्या सहलींवर हल्ली बरेच छापून येते. केबिन कोणती घ्यावी, बंदरावर काय पाहावे, सामानात काय भरावे, हे सगळे त्यात असते. ज्या बाबीवरून जहाजावर हमखास कुरबुर होते, ती मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते. ती बाब म्हणजे ड्रिंक पॅकेज आणि ते दोघातिघांत मिळून वापरणे. ‘एकाने घ्यायचे, बाकीच्यांनी प्यायचे’ हा सल्ला प्रवासी एकमेकांना सर्रास देतात. तो नियमाला धरून नाही आणि पैशाच्या हिशेबातही सहसा टिकत नाही. पण कंपन्यांचाही एक नियम अन्यायाचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू. दर दिवसाला, माणशी ठरावीक रक्कम भरायची आणि ठरावीक किमतीपर्यंतचे कोणतेही पेय त्यात घ्यायचे. ते सहलीतल्या सगळ्या दिवसांसाठी घ्यावे लागते. मधला एखादा दिवस वगळता येत नाही. किमतीची मर्यादा कंपनीगणिक वेगळी आहे. रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स पॅकेजमध्ये एका पेयासाठी 14 डॉलरपर्यंत, नॉर्वेजियनमध्ये 15 पर्यंत, कार्निव्हलच्या ‘चीअर्स’मध्ये 20 पर्यंत. रॉयल कॅरिबियनमध्ये दिवसाला किती पेये घ्यावीत यावर आकडा नाही. कार्निव्हलमध्ये मात्र चोवीस तासांत 15 मद्यपेये, आणि हे चोवीस तास सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 असे मोजले जातात. पंधरावे झाल्यावर पदरचे पैसे मोजले तरी सकाळपर्यंत सोळावे मिळत नाही. शिवाय दोन पेयांमध्ये किमान पाच मिनिटे जावी लागतात. प्रिन्सेसच्या प्लस पॅकेजमध्येही दिवसाला 15 चीच मर्यादा आहे. डिस्नेच्या जहाजांवर असे अमर्याद मद्याचे पॅकेजच नाही. हे आकडे कंपन्या अधूनमधून बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशी कंपनीच्या अटी पुन्हा वाचाव्यात.

मर्यादेपेक्षा महाग पेय मागवले तर काय होते, तेही आधी विचारून ठेवावे. काही कंपन्या फक्त वरचा फरक घेतात: मर्यादा 14 ची आणि व्हिस्की 16 ची असेल तर 2 डॉलर आणि त्यावर 18 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 2.36. काही ठिकाणी मात्र पॅकेज त्या पेयाला लागूच होत नाही. पूर्ण किंमत प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यावर चढते, फार तर थोडी सवलत मिळते. खात्यावरच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते.

आता वाटून घेण्याबद्दल. पॅकेज ज्याच्या नावावर आहे त्यानेच प्यायचे, ही अट झाडून सगळ्या मोठ्या कंपन्यांची आहे. बारमध्ये जहाजावर मिळालेले कार्ड टेकवले की यंत्राच्या पडद्यावर प्रवाशाचा चढताना काढलेला फोटो, केबिन क्रमांक आणि पॅकेजचे नाव येते. पेय फुकट असल्यासारखे वाटले तरी शून्य रकमेची नोंद होतेच: कोणते पेय, कोणत्या बारमध्ये, किती वाजता. एकाच कार्डवर पोहण्याच्या तलावाजवळ बीअर आणि तीन मिनिटांत चार मजले खाली कॉकटेल, अशी नोंद दिसली की वेगळे काही शोधावे लागत नाही. एक माणूस रात्रभर आलटून पालटून व्हिस्की आणि गोड वाइन घेतोय, हेही वेटरच्या नजरेतून सुटत नाही. टेबलावर ग्लास कोणासमोर सरकतो ते त्याला दिसतच असते. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच पेय मिळते. नॉर्वेजियनवर एका वेळी दोन घेता येतात, पण त्याचा अर्थ दुसरे शेजाऱ्यासाठी आहे असा होत नाही.

पकडले गेल्यास पैसे परत न देता पॅकेज रद्द होऊ शकते आणि पुढचे प्रत्येक पेय पूर्ण किमतीने घ्यावे लागते. सात रात्रींच्या सहलीत दुसऱ्याच रात्री असे झाले तर उरलेल्या पाच दिवसांचे पैसे बुडाले. काही जहाजांवर आधी समज देतात, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर मद्यपानाचे किमान वय 21 आहे (युरोपातल्या सफरींवर अनेक कंपन्या 18 धरतात). आईवडिलांनी आपल्या कार्डवर घेतलेला ग्लास एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हातात दिला, तर तो प्रकार वाटून पिण्यापेक्षा गंभीर धरला जातो.

यात कर्मचाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. काणाडोळा करणाऱ्या वेटरला प्रवाशापेक्षा जास्त भोगावे लागते. प्रवासी सुटी संपवून घरी जातो. त्याची मात्र नोकरी पणाला लागते. दुसरे म्हणजे ही नोंद केवळ वसुलीसाठी नसते. एखाद्याला आता थांबवायला हवे का, हे ठरवताना बारमधला माणूस त्याच्या वागण्याबोलण्याबरोबर ही नोंदही पाहतो. एका कार्डवर दोघे पीत असतील तर ज्याने दोन घेतली त्याच्या नावावर सहा दिसतात, आणि ज्याने चार घेतली त्याच्या नावावर एकही नाही. रात्री त्या दुसऱ्याची तब्येत बिघडली, तर जहाजावरच्या डॉक्टरला नोंदीतून काहीच कळणार नाही. भर समुद्रात हे हलक्यावारी घेण्यासारखे नाही.

आता हिशेब. समजा पॅकेज दिवसाला 70 डॉलर आणि कॉकटेल 14 डॉलरचे. दोन्हींवर 18 टक्के सेवाशुल्क लागते, त्यामुळे पॅकेज पडते 82.60 ला आणि एक कॉकटेल 16.52 ला. म्हणजे दिवसाला पाच कॉकटेलना बरोबरी, सहाव्यापासून फायदा. इथे एक नेहमीची चूक होते: पॅकेजची रक्कम सेवाशुल्कासह धरतात आणि पेयाची किंमत यादीतली, शुल्काशिवाय. अशाने पॅकेज आहे त्यापेक्षा महाग दिसते. दोन्हीकडे शुल्क धरा नाहीतर दोन्हीकडचे सोडा. उलट बाजूची चूक म्हणजे प्रत्येक पेय 14 चे धरणे. बीअर 9 डॉलरची असेल तर त्याच पॅकेजची बरोबरी व्हायला जवळपास आठ बीअर लागतात. मात्र 5 डॉलरची कॉफी दोनदा आणि 4 डॉलरची पाण्याची बाटली एकदा घेतली, तर एका कॉकटेलइतके पैसे तिथेच वसूल होतात. म्हणून दिवसभरातली सगळी पेये मोजावीत, नुसते मद्य नव्हे.

मोजताना बंदराचे दिवस वेगळे काढावेत. जहाज सकाळी आठला लागते, संध्याकाळी पाचला सुटते आणि मधला वेळ आपण किनाऱ्यावर असतो. तिथल्या हॉटेलात हे पॅकेज चालत नाही. रॉयल कॅरिबियनच्या कोकोके या खासगी बेटावर ते चालते, पण प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक बेटावर चालेलच असे नाही. सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीत असे तीन-चार दिवस सहज असतात. त्या दिवशी तीनच पेये झाली तर समुद्रातल्या दिवसांत सात-आठ घेऊन बरोबरी करावी लागेल. इतके आपण एरवी पितो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सुटणाऱ्या कार्निव्हलच्या सफरींवर तर राज्याच्या मद्यविषयक नियमांमुळे ‘चीअर्स’ दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, तेव्हा पहिली संध्याकाळ हिशेबात धरू नये.

इथे केबिनच्या सक्तीचा मुद्दा येतो. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांच्या नियमाप्रमाणे केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर त्याच केबिनमधल्या 21 वर्षांवरच्या प्रत्येकाने ते घ्यायचे. वरचेच आकडे घेऊ. एकजण रोज सहा पेये घेतो, दुसरा एकच. पॅकेज नाही घेतले तर रोज सात पेयांचे 115.64, सात दिवसांचे 809.48 डॉलर होतात. दोन पॅकेजेस घेतली तर 1156.40. म्हणजे सहा पेये घेणाऱ्याला एकट्याला पॅकेज परवडले असते, पण जोडीला मिळून जवळपास 347 डॉलरचा खड्डा पडतो. दोघांचे मिळून दिवसाला दहा कॉकटेल होत असतील तरच त्या वाटेला जावे. एका दिवसाचा अंदाज बांधून पाहिला की बहुतेक जोडप्यांना उत्तर तिथेच मिळते: पॅकेज नको, लागेल तसे विकत घ्यावे.

मग वाटून पिण्याचा मोह होतो कोणाला? शेजारशेजारच्या केबिनमधल्या मित्रांना, वेगवेगळ्या केबिनमध्ये नावे घातलेल्या कुटुंबांना, आणि ज्यांच्या जोडीदाराला या सक्तीतून सवलत मिळाली आहे त्यांना. दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाने पिणाऱ्या प्रौढाचे नाव एकीत आणि न पिणाऱ्याचे मुलाबरोबर दुसरीत घालणे, ही वाट अनेकजण वापरतात. रॉयल कॅरिबियनचा नियम केबिनवार असल्याने सक्ती त्यातून टळते. ग्लास मात्र तिथेही नावावरच्यानेच प्यायला हवा.

सवलत अशी मिळते: गर्भारपण, औषधोपचार, किंवा मद्य मुळीच न घेणे यांपैकी काही कारण असेल, तर निघण्याच्या बरेच आधी कंपनीला फोन करावा. दुसऱ्या प्रौढासाठी मद्यविरहित पॅकेज घेण्याच्या अटीवर पुष्कळदा मान्यता मिळते. ती तोंडी ठेवू नये. ईमेलवर घ्यावी, छापून जवळ ठेवावी, आणि जहाजावर चढल्यावर पहिले पेय घेण्याआधी अतिथी सेवा कक्षात दाखवून दोघांच्या खात्यावर योग्य पॅकेज चढले आहे याची खात्री करावी. आगाऊ घेतलेले पॅकेज निघण्यापूर्वी बहुधा पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येते. एकदा वापर सुरू झाला की ती सोय नसते. आणि सवलत घेऊन जो ग्लास पुढे सरकवतो, तो उद्या खऱ्या गरजूची अडवणूक करून ठेवतो. पुढच्या माणसाकडे डॉक्टरची चिठ्ठी असली तरी संशयानेच पाहिले जाते.

ज्यांना खरोखर एकत्र बसून थोडेसे घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी नियमात बसणारी सोपी वाट आहे. पूर्ण बाटली वाइन विकत घ्यावी. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास होतात आणि विकत घेतलेली बाटली कोणाबरोबरही वाटता येते. उरली तर वेटर बूच लावून, केबिन क्रमांक लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर आणून देतो. स्वतःची बाटलीही नेता येते: कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियनवर चढण्याच्या दिवशी प्रौढाला माणशी एक 750 ची, डिस्नेवर वाइनच्या दोन बाटल्या किंवा सहा बीअर. ती हातातल्या सामानात ठेवावी, मोठ्या बॅगेत नव्हे. कार्निव्हलवर ती उपाहारगृहात उघडली तर 15 डॉलर बूचशुल्क लागते. बंदरावर घेतलेली व्हिस्की किंवा रम मात्र चढताना ठेवून घेतात आणि प्रवासाच्या अखेरीस परत देतात.

शीतपेयांच्या पॅकेजलाही हेच लागू. रॉयल कॅरिबियनच्या सोडा पॅकेजबरोबर मिळणाऱ्या ग्लासच्या तळाशी चिप असते. यंत्र ती वाचून पेय सोडते आणि लगेच पुन्हा भरू देत नाही. एका ग्लासवर चार मुलांची तहान भागवायला गेले की मुले यंत्रासमोर ताटकळतात आणि मागे रांग लागते.

कंपन्यांबद्दल आता स्पष्ट बोलतो. वाटून पिणे रोखण्यासाठी केबिनला सक्ती, असे याचे समर्थन केले जाते. पण फोटो आहे, वेळेची नोंद आहे, एका वेळी एकच पेय देण्याची अट आहे आणि पॅकेज रद्द करण्याचा अधिकारही आहे. एवढे हाताशी असताना जो एक थेंबही घेत नाही त्याच्याकडून पॅकेजचे पूर्ण पैसे घेण्याला काय आधार? पिण्याच्या वेळी पॅकेज माणसाचे आणि विकण्याच्या वेळी केबिनचे, हे दोन्ही एकाच वेळी चालू नये. न पिणाऱ्याला मद्यविरहित पॅकेजवर सुटका हा नियम म्हणून लिहून टाकावा. फोन उचलणाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नये. आपल्याकडच्या प्रवासी कंपन्यांनीही बुकिंगच्या पावतीसोबत पाच गोष्टी मराठीत छापून द्याव्यात: एका पेयाची किंमतमर्यादा, दिवसाची संख्यामर्यादा, सेवाशुल्काचा टक्का, केबिनची सक्ती आणि पॅकेज रद्द करण्याची शेवटची तारीख. एका पानात सहज मावते.

कळावे,
आपला एक वाचक