परतीची तारीख

इंदूर, 18 जानेवारी

प्रिय सुमा,

"विमानाने दीड तासाचा तर प्रश्न, उठ आणि ये" हे तुझं वाक्य मी अनिकेतला दोनदा वाचून दाखवलं. त्याला पटलंसुद्धा. मलाही क्षणभर दिवेआगरचा समुद्र दिसला. पण नाही गं, फेब्रुवारीत मी येत नाही.

आज गरोदरपणाचे 33 आठवडे पूर्ण झाले. विमान कंपन्या साधारण 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर बहुतेक जण बसूच देत नाहीत. तू मोजलास तो फक्त जायचा दिवस, परतीचा नाही. 1 तारखेला मला 35 पूर्ण होतील, तुझ्याकडे दहा दिवस लोळून विमानतळावर गेले की 36 उलटलेले. मग बाळंतपण तुझ्याच हॉलमध्ये, सोफ्यावर.

आणि सुट्टीचं म्हणशील तर ती झाली. मागच्या आठवड्यात आम्ही महेश्वरला जाऊन आलो. सासूबाईंचा विरोध होता. "दिवस भरत आलेल्या बाईने नदी ओलांडू नये." मी फोनवर नकाशा काढून दाखवला, महेश्वर नर्मदेच्या अलीकडच्याच काठावर आहे, ओलांडायचा प्रश्नच नाही! त्यावर म्हणाल्या, "घाट तरी लागतो ना?" लागतो. मानपूरचा घाट नाकारायचा कसा?

डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, सोनोग्राफीचा रिपोर्ट चाळला. वार वर आहे, बाळ एकच, रक्त कधी गेलेलं नाही. "जा, पण याहून लांब नको. आणि फाईल पर्समध्ये ठेवायची, डिकीत नाही." डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर वाट न बघता जवळचं हॉस्पिटल गाठायचं. मग त्यांनी गाडीचा पट्टा कसा लावतेस असं विचारलं. मी आपली सात महिने तो बेधडक पोटावरून घेत होते. बाई खुर्चीवरून उठल्या आणि ओढणीने दाखवलं, खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर टेकलेला. वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. इतकी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि डिंकाच्या लाडवात खोबरं किती घालायचं हे मात्र आमच्या अख्ख्या रामबाग मोहल्ल्याने सांगितलंय.

रस्ता 90 किलोमीटरच्या आसपास, एरवी दोन तासांचा. आम्हाला सव्वातीन लागले. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं म्हणे, एका जागी बसून राहिलं तर पायात गाठ होण्याची भीती, म्हणून तासाभराने उतरून चालायचं. मला त्याची आठवण करून द्यावी लागली नाही, दर पाऊण तासाला बाथरूम लागतच होती. एका पेट्रोल पंपावर बाथरूमला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो पोरगा चहाला गेलेला. पंधरा मिनिटं मी त्या दाराशी पाय जुळवून उभी होते, सुमे. हवा भरणारा माणूस मान खाली घालून टायरकडे बघत राहिला, बिचारा.

महेश्वरला मी किल्ला चढले नाही, नावेत बसले नाही. घाटाच्या सात पायऱ्या उतरले आणि आठवीवर बसले, बाकीच्या चढून यायच्या आहेत हे लक्षात ठेवून. ऊन कोवळं होतं. नंतर एका विणकर बाईच्या मागाशी तासभर बसले. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. धोटा उजवीकडून डावीकडे गेला की ठक्, आणि प्रत्येक ठक्ला पोटात एक लाथ. बाईने काठ उलटा करून दाखवला, दोन्ही बाजूंनी सारखाच. या काठाला तिकडे बुगडी म्हणतात! मी म्हटलं, आमच्याकडे ती कानात घालतात. माझ्या पोटाकडे बघून तिने हिंदीत विचारलं, कौनसा महीना? सांगितल्यावर उशी आणून पाठीशी दिली आणि परत मागावर बसली.

येताना पाय इतके सुजले की चपलेत जाईनात, अनिकेतच्या फ्लोटर्स घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी बीपी तपासलं, 110/70. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली ती काढलीच.

पहिलं बाळंतपण माहेरी, हेही आता मोडलंय. नाशिकला मी जाण्याऐवजी आईच इकडे येतेय. रेल्वेत गरोदर बायकांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, तोच धरून दादाने तिचं तिकीट काढलंय. सोबत डिंक, खारीक आणि धुवून मऊ केलेल्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं.

तेव्हा तूच ये. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अजून गराडू (तळलेल्या कंदाच्या फोडी) मिळतायत, मला तळलेलं बंद आहे, पण तू खाताना मी समोर बसेन. सकाळी पोहे-जिलबी, वरून जीरावन मसाला. तारीख 8 मार्चची दिली आहे, बाळ ती पाळेल असं नाही. म्हणून परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझी,
वृंदा

ता. क. बाकरवडी आण. इथल्या शेवेपुढे ती काहीच नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणेन, तू मनावर घेऊ नकोस.