जांबोटीकडच्या भिंतीला हात लावणाऱ्यांचे आभार

खानापूर-जांबोटी रस्त्यावरच्या होमस्टेच्या भिंतीवर महाधनेशाचं, म्हणजे मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याचं, चित्र रंगवायला धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार! गवंडीमामा, नवा गिलावा 28 दिवस सुकू द्या, हा हट्ट तुमचाच. ओल्या सिमेंटातला खार वर आला की रंगाचे पोपडे सुटतात, मग डबा कितीही भारी आणा. पावसाच्या तोंडच्या पश्चिम भिंतीला पुट्टीऐवजी थेट खार रोखणारा प्रायमर, हेही शहाणपणाचंच. दोरीला नीळ चोळून फूट-फूट चौकोन मारणाऱ्या पोरांनो, त्याशिवाय महाधनेशाची चोच प्रमाणात बसलीच नसती. आणि भीमगड अभयारण्याकडचे ते वनरक्षकदादा: नराचा डोळा लाल, मादीचा पांढुरका, हे त्यांनी वेळीच सांगितलं. डबे वाहणाऱ्या, चहा पाजणाऱ्या वहिनींनाही नमस्कार.