ओम, मॅकबुकबद्दल

प्रिय ओम,

परवा फोन तू आपटलास की मी, यावर घरात दोन मतं आहेत. बाबांच्या मते मीच. असो. फोनवर आपलं दोघांचं एकदमच सुरू होतं आणि कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही, म्हणून टाइप करतेय. निवांत वाच, क्लासमध्ये बसून वाचू नकोस.

तुला मॅक हवाय ना, घे. मी अडवलेलं नाहीच. मी फक्त एवढंच विचारलं होतं की उद्या ते बंद पडलं तर आतलं काम बाहेर कसं काढायचं, तर तू म्हणालास "आई आता लॅपटॉप कुणी उघडत नाही गं, तुझ्या वेळचं संपलं ते". माझ्या वेळचं? अरे सहावीत असताना आपल्या डेस्कटॉपमध्ये रॅमची पट्टी तू स्वतःच्या हाताने बसवलीयेस, दोन्ही अंगठ्यांनी दाबताना चेहरा एवढासा झाला होता आणि ती कट्टकन बसली तर मोडली समजून किंचाळलास. मग स्क्रीनवर मेमरी दुप्पट दिसली तेव्हा ताईला झोपेतून उठवून दाखवायला नेलंस, ती काय काय बोलली ते लिहीत नाही इथे. ही वेळ तुझीच होती.

बरं, मॅकवर माझा राग नाहीये हे आधी ऐक. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर एम वन आला तेव्हा मला पटायला वेळ लागला नव्हता. पंखाच नाही अशी मॅकबुक एअर, मांडीवर तापत नाही, चार्जर न शोधता दिवस निघतो, आणि इंटेलसाठी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअरसुद्धा रोझेटा टू नावाच्या दुभाष्या प्रोग्राममधून निमूट चालतात. तीन वेळा अख्खा प्रोसेसर बदललाय त्यांनी, १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, मग हा स्वतःचा, आणि प्रत्येक वेळी लोकांना सोबत ओढत नेलं. हे सोपं नाही, मी हार्डवेअरमध्ये एवढी वर्षं काढलीयेत, मला माहितीये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात म्हणून तुझ्या इमारतींच्या मोठ्या थ्रीडी मॉडेल्सना फायदासुद्धा होईल. फक्त ती मेमरी नंतर वाढत नाही, आज घेशील तेवढीच शेवटपर्यंत, म्हणून १६ जीबीच्या खाली बघूच नकोस, जमलं तर २४ घे. आणि स्टोरेजचंही तेच, मॅकबुकमध्ये त्या चिपा बोर्डावरच सोल्डर केलेल्या असतात आणि डेटा आतल्या आत लॉक असतो, किल्ली प्रोसेसरमध्येच. म्हणजे बोर्ड गेला की

हे बघ, आलेच मी परत तिथे. आत्ता नको.

रेव्हिट. हा माझा खरा मुद्दा होता आणि तो फोनवर राहूनच गेला. इमारतींची मॉडेल्स करायचं ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर आहे. ऑटोकॅडची मॅकची आवृत्ती आहे, राइनो आहे, स्केचअप आहे, पण रेव्हिट नाही. "बूट कॅम्प टाकेन" म्हणालास, तर मॅकवर विंडोज टाकायची ती सोय इंटेलवाल्या मॅकवरच व्हायची, एम चिपवर ते नाहीच. मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्समध्ये विंडोज चालतं, पण ते एआरएमवालं, म्हणजे एम चिपसारख्या प्रोसेसरसाठीचं विंडोज, त्याच्यावर रेव्हिट सुरू जरी झालं तरी ते बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा त्याला सपोर्ट नाही, आणि ज्युरीसमोर काम मांडायच्या आदल्या रात्री ते हटून बसलं तर कुणाला विचारणार? चित्रं रेंडर करायची लुमियन, थ्रीडीएस मॅक्स, तीपण विंडोजचीच. उलट तुझा रूममेट फिल्म करतो, त्याला एडिटिंगला फायनल कट लागतं, ते मॅकचंच, त्याचा मॅक त्याच्यासाठी बरोबरच आहे. तो वापरतो म्हणून तूही, असं नसावं एवढंच. नसेलच तसं. पण तुमच्या स्टुडिओत थिसिसला रेव्हिट लागणार का, हे सरांना स्पष्ट विचार, सीनिअर्सना नको, सीनिअर्स काहीही सांगतात.

उघड्या आणि बंद डब्याचं हे भांडण तुझ्यामाझ्या आधीपासूनचं आहे. १९८१ ला आयबीएमने पीसी काढला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग जोडून, त्यांचं स्वतःचं असं आत फारसं काही नव्हतं, होता तो मुख्यतः बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम. कॉम्पॅक या दुसऱ्या कंपनीने तो बायॉस कॉपी न करता स्वतः नव्याने लिहिला आणि मग काय, जो तो पीसी बनवायला लागला. आपल्या घरातलं पहिलं मशीन, जे मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून जोडलं होतं, ते त्यामुळेच होऊ शकलं. आणि १९८४ चा मॅकिंटॉश उघडायचा तर लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागायचा, दोन स्क्रू हँडलच्या खाचेत पार खोल, म्हणजे तुम्ही हात लावूच नका. पण गंमत बघ, त्याच अ‍ॅपलच्या १९७७ च्या अ‍ॅपल टू चं झाकण नुसत्या हाताने निघायचं आणि आत जास्तीची कार्डं लावायला आठ स्लॉट! कंपनी काढणाऱ्यांपैकी जॉब्सना दोनच पुरे वाटत होते, वॉझनियाक आठवर अडून बसले. माझं मन कुणाच्या बाजूला आहे ते तुला सांगायला नको.

आजोबांच्या फोल्डरचं मी काढणार नव्हते. बाबांनीही काढू नकोस म्हणून सांगितलंय. पण तू तेव्हा लहान होतास आणि तुला फक्त "आईने लॅपटॉप दुरुस्त केला" एवढंच आठवतं. दुरुस्त नव्हता झाला तो. बोर्ड मेलाच होता. मी मागचं झाकण काढलं, हार्ड डिस्क बाहेर घेतली, यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली, आणि ती फिरायला लागल्याचा आवाज आला तेव्हा मावशी शेजारी उभी राहून रडत होती, मी नाही, मला आधी कॉपी करायचं होतं. आजोबांच्या सगळ्या रेकॉर्डिंग्ज मिळाल्या. तुला हाक मारतानाची आहे ना त्यात, तीसुद्धा. ओम्या, नव्या मॅकबुकमध्ये असला दुसरा प्रयत्न नसतो. तिथे मी कितीही हुशार असले तरी माझ्या हातात काहीच नाही, आणि हे मला झेपत नाहीये, बाकी सगळं निमित्त आहे.

विंडोजवालेही काही साधू नाहीत, हेही सांगते. पातळ लॅपटॉपांमध्ये रॅम सोल्डर केलेलीच येते आता, स्टोरेजची पट्टी मात्र बऱ्याच ठिकाणी अजून निघते. पण निघाली तरी आत डेटा कुलूपबंद करणारा बिटलॉकर बसलेला असू शकतो, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज ११ बऱ्याचदा तुला न विचारताच ते चालू करतं, आणि मग ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली तुझ्या अकाउंटमध्ये असते, पण आधी जाऊन बघायला हवं, रडत शोधायला नको. चोराच्या हाती लागलं तर हेच बरं, मी नाही म्हणत नाही. पण म्हणजे मुद्दा मॅक की विंडोज हा राहतच नाही, मुद्दा हा की मशीन उघडून काही परत आणता येईल ही आशाच सोडायची. मग उरतं काय? बॅकअप. किती वेळा म्हणाले ते मोजू नकोस.

मॅक घेतलास तर एक बाहेरची डिस्क फक्त टाइम मशीनसाठी, म्हणजे मॅकच्या बॅकअपसाठी ठेव, त्यावर दुसरं काही टाकू नकोस, आणि ती आठवड्यातून नाही, रोज लाव. मित्रांशी फाइली द्यायच्या-घ्यायच्या तर वेगळी डिस्क, दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून, कारण विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवालीवरचं मॅक नुसतं वाचतं, लिहीत नाही, आणि हे तुला सबमिशनच्या सकाळी कळायला नको. विंडोज घेतलंस तर बॅकअपला त्याचंच फाइल हिस्टरी. दोन्हीकडे थिसिसची एक कॉपी क्लाउडवर, पण सिंक म्हणजे बॅकअप नाही रे, इकडे चुकून डिलीट केलंस की तिकडूनही जातं. आणि डिस्क लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवू नकोस, बॅग गेली तर दोन्ही...

झालं माझं लेक्चर. सॉरी. तू एकवीस वर्षांचा आहेस, तुझं ते कोर्टयार्डचं मॉडेल बघून ज्युरीतल्या बाई दहा मिनिटं खाली वाकून बघत होत्या असं ताईने सांगितलं, तू नाही सांगितलंस, आणि मी ते ऑफिसात सगळ्यांना दोनदा सांगून झालंय. ज्याला एवढं जमतं त्याला लॅपटॉप निवडता येईल. मला ते कळतं. फक्त ते मॉडेल कुठल्या फाइलमध्ये आहे आणि तिची दुसरी कॉपी आहे का, एवढंच एका शब्दात कळव. हो किंवा नाही.

सरांनी रेव्हिट लागत नाही म्हटलं तर मॅक घे, मग मी एक अक्षर बोलणार नाही. लागतं म्हणाले तर विंडोजचं घे, ज्याची पट्टी निघते ते, त्यातले दोन-तीन मी बघून ठेवलेत पण तू विचारल्याशिवाय पाठवणार नाही. ऑर्डर करायच्या आधी त्या पेजचा स्क्रीनशॉट टाक, मेमरी आणि स्टोरेजच्या ओळी मला बघू दे. बाबांना दाखवू नकोस, ते रंग बघतात.

उद्या संध्याकाळी फोन कर. मी आधी तुझं ऐकेन, प्रॉमिस.

तुझी,
आई